डाव्या हाताचा जिन सावर

माझ्या मावशीच्या यजमानांना हॉटेलात सगळे मापाडी म्हणत. धान्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. ते बारवर होते, एकतीस वर्षं. पण इतर बारवाले बाटली उंच धरून, गिऱ्हाइकाकडे बघून हसत, अंदाजाने ओतत. काका मात्र माप हातात घेतल्याशिवाय एक थेंबही ओतत नसत. "अंदाजाने ओतणारा बारवाला आणि अंदाजाने औषध देणारा डॉक्टर, दोघांपासून लांब राहावं," असं ते म्हणत. मॅनेजरने चिडून हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. काकांनाही ते आवडत असावं.

स्वतः ते पीत नसत. पेला तयार झाला की त्यात स्ट्रॉ बुडवायची, वरच्या टोकावर बोट दाबायचं, आत अडकलेला एक थेंब जिभेवर सोडायचा आणि ती स्ट्रॉ फेकून द्यायची. दारूशी संबंध तेवढाच. तोही घराबाहेर. मावशीने लग्नाआधीच अट घातली होती : घरात बाटली येणार नाही. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, पिऊन पिऊन गेले. ती शेवटची वर्षं मावशीने आणि माझ्या आईने काढली होती, त्यामुळे अटीचं कारण कुणी विचारलं नाही. काकांनी ती एकोणतीस वर्षं पाळली. कामावरचा शर्टसुद्धा ते हॉटेलातच ठेवून येत.

मावशी कपडे दुरुस्त करते. पुढच्या खोलीत खिडकीला लागून तिचं मशीन. चेन बदलणं, बाही आखूड करणं, जाड झालेल्या माणसाची कंबर सैल करून देणं. नवरा काय करतो असं कुणी विचारलं की ती "हॉटेलात आहेत" एवढंच म्हणे आणि दोरा ओवायला लागे.

काका सत्तावन्न वर्षांचे असताना, दुपारी बार उघडायच्या आधी लिंबं कापत असताना, त्यांच्या हातातून सुरी पडली. ती उचलायला ते वाकले आणि तिथेच बसले. मॅनेजर धावत आला, "मापाडी, काय होतंय?" काका म्हणाले, "बर्फ."

मॅनेजरला वाटलं, उकाड्याने चक्कर आली. त्याने टॉवेलात बर्फ बांधून डोक्यावर ठेवला. काका पुन्हा म्हणाले, "बर्फ, बर्फ." आणखी बर्फ आणला. असा बर्फ लावण्यात पाऊण तास गेला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की ओठाची एक बाजू खाली आली आहे.

मी एका इस्पितळात एक्स-रे आणि स्कॅन काढायचं काम करते. काकांचा स्कॅन मी काढला नाही, पण पाहिला. मेंदूच्या डाव्या बाजूला पेरूएवढा डाग. असे डाग मी शेकड्यांनी पाहिले होते आणि नातेवाइकांना "डॉक्टर सांगतील" असं म्हणून बाहेर पाठवलं होतं. या वेळी नातेवाईक मीच होते. डाग कुठे आहे ते मला दिसत होतं. माणसाचे शब्द कुठे गेले ते मात्र कुठल्याच फोटोत दिसत नाही.

उजवा हात गेला. उजवा पाय काठीच्या आधाराने फरफटत का होईना, चालू लागला. पाण्यासारखं पातळ काही प्यायलं की ते श्वासनलिकेत जाई, म्हणून पाण्यातही पावडर घालून ते खिरीसारखं घट्ट करून चमच्याने द्यावं लागे. आणि बोलणं? एकच शब्द उरला. बर्फ. भूक लागली, बर्फ. खिडकी लाव, बर्फ. मावशी दिसली नाही की घाबरून, बर्फ. समजत सगळं होतं. मान हलवून हो-नाही बरोबर सांगत. फक्त तोंड उघडलं की दुसरं काही बाहेर येतच नसे, आणि आपण भलतंच बोललो हेही त्यांना ऐकू येत असे. तो चेहरा बघवत नसे.

आठवड्यातून दोनदा वाचा शिकवणाऱ्या एक बाई येत. तरुण होत्या, मऊ बोलायच्या. त्यांच्याकडे चित्रांचे पत्ते होते. मांजर. खुर्ची. छत्री. काका मांजराकडे बघून म्हणत, "बर्फ." तिसऱ्या आठवड्यात त्यांनी डाव्या हाताने सगळे पत्ते जमिनीवर उधळले.

बाईंनी ते शांतपणे गोळा केले आणि मावशीला विचारलं, "काम काय करत होते हे?"

"हॉटेलात होते."

"हॉटेलात काय?"

मावशीने सुईत दोरा ओवायला घेतला. "बारवर."

"मग तेच करू द्या ना घरी. पाणीच वापरा हवं तर. कधी कधी जिभेला सापडत नाही ते हाताला सापडतं आणि हातामागून शब्द येतो. खात्री नाही देत हं मी."

खात्री कुणीच देत नव्हतं, त्यामुळे मावशीने एवढंच धरून ठेवलं.

पहिल्यांदा आम्ही पाण्यावरच केलं. मावशीने रिकामी बाटली धुऊन, पाणी भरून टेबलावर ठेवली. काकांनी बूच काढलं, नाकाशी नेलं आणि आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मावशी प्लास्टिकची सुई देणाऱ्याकडे बघेल. उठले, काठी टेकत मोरीपर्यंत गेले आणि सगळं ओतून दिलं.

मावशी खुर्चीत बसून राहिली. मग म्हणाली, "चल, माझ्याबरोबर ये."

"कुठे?"

"दुकानात. मला एकटीला नाही जमायचं."

दारूच्या दुकानात मावशी आयुष्यात पहिल्यांदा गेली. पर्स पोटाशी धरून उभी होती, तिकीट न काढता गाडीत बसल्यासारखी.

"जिन द्या," ती म्हणाली.

"कुठली?" दुकानदाराने विचारलं.

"पांढरी."

"सगळ्या पांढऱ्याच असतात, ताई."

"मग चांगल्यापैकी द्या. आजारी माणसासाठी हवी आहे."

"आजारी माणसाला जिन?"

"ते पीत नाहीत हो!"

"मग कोण पितं?"

"कुणीच नाही पीत!" मावशी जवळजवळ ओरडली. दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्याने आणखी काही न विचारता बाटली कागदात गुंडाळली. वेड्या माणसांशी वाद घालू नये, हे त्या धंद्यात लवकर कळत असावं.

काकांनी कागद सोडला, बूच काढलं, वास घेतला. आणि डोळे मिटले. मावशी दाराशी उभी होती, पदार्थ करपल्यासारखं नाक मुरडून. पण ती आत आली आणि त्यांच्या उजव्या बाजूला उभी राहिली. जिथे हात नव्हता, तिथे.

काय करायचं होतं ते हळूहळू कळलं. फ्रिजमधून त्यांनी लिंबं काढली, मग एक अंडं. साखरेच्या डब्यावर बोट ठेवलं आणि पाण्याच्या नळावर : पाक हवा होता, समान साखर, समान पाणी. माप नव्हतं. मावशीने खोकल्याच्या औषधाचं टोपण आणलं, पंधरा मिलीची रेघ असलेलं. काकांनी ते उजेडात धरून निरखलं आणि चालेल अशी मान डोलावली. मग डाव्या हाताची चार बोटं दाखवून जिनकडे, दोन दाखवून लिंबाकडे, एक सरळ आणि एक अर्धं मुडपलेलं दाखवून पाकाकडे खूण केली. चार, दोन, दीड. मावशीने ते शिंप्याच्या खडूने टेबलाच्या कडेला लिहून ठेवलं.

"जिन सावर ना, काका?" मी विचारलं. नाव मला ऐकून माहीत होतं, तेवढंच.

त्यांचा अर्धा चेहरा हसला. उरलेला अर्धा तसाच राहिला.

पण कळणं वेगळं आणि जमणं वेगळं. एरवी हे काम त्यांच्या डाव्या हातचा मळ होतं, आणि आता खरोखरच डाव्या हातावर येऊन पडलं होतं. मावशीने लिंबू असं पिळलं की साल चुरगळून कडू रस निघाला. काकांनी तिच्या मनगटावर टपली मारली. दुसरं लिंबू. अंड्याचं फक्त पांढरं घ्यायचं होतं. पिवळं फुटून त्यात गेलं. दुसरं अंडं. शेवटी सगळं जॅमच्या रिकाम्या बरणीत गेलं, आणि काका म्हणाले, "बर्फ."

मावशी आनंदाने फ्रिजकडे पळाली. पहिल्यांदाच तो शब्द जागेवर आला होता! तिने ट्रे पिळून चार खडे बरणीत टाकले.

काकांनी टेबलावर मूठ आपटली. "बर्फ! बर्फ!"

तिने आणखी टाकले.

"बर्फ!"

"अहो, टाकतेय ना! किती टाकू? नाही उरला आता!"

त्यांनी बरणी हाताने ढकलून दिली. ती कलंडली, सगळं टेबलावरून वाहून खाली गेलं. काका तोंड भिंतीकडे करून बसले आणि रडले. आवाज न करता. मावशी फडकं घेऊन खाली बसली आणि जमीन पुसत राहिली. पुसून झाल्यावरही.

मी तिथेच उभी होते. तीन शहाणीसुरती माणसं, एक लिंबू-सरबताएवढी गोष्ट, आणि ती आम्हाला करता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी काका स्वतः उठले, फ्रिज उघडला, बर्फाचा ट्रे काढून मावशीला दाखवला आणि पुन्हा आत ठेवून दार लावलं. पाठ लावून उभे राहिले.

मावशीने फ्रिजकडे पाहिलं, मग बरणीकडे. "आधी बर्फ नको?"

मान हलली. हो.

"नंतर?"

हो. हो.

आधी बर्फाशिवाय घुसळायचं असतं, म्हणजे अंड्याचा फेस धरतो. मग बर्फ घालून पुन्हा घुसळायचं. काल ते म्हणत होते, "नको." बाहेर येत होतं, "बर्फ."

"देवा," मावशी म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी हॉटेलातसुद्धा..." आणि वाक्य तिने तिथेच सोडलं. मीही ते पुरं केलं नाही.

त्या दिवशी बर्फाशिवाय घुसळताना बरणीचं झाकण उडालं. फेसाचा फवारा मावशीच्या केसांवर आणि थेट मशीनवर लटकवलेल्या कोटावर. गिऱ्हाइकाचा कोट, काळा, संध्याकाळी द्यायचा होता. मावशी आधी हसली. इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. आणि कुठल्या क्षणी हसण्याचं रडणं झालं ते मला सांगता येणार नाही. काका डाव्या हाताने तिच्या केसांतला फेस काढत होते.

असं पाच-सहा आठवडे चाललं. बाई येत, बाजूला बसत आणि प्रत्येक वस्तू उचलली की तिचं नाव हळूच म्हणत : लिंबू. अंडं. साखर. काका त्यांच्या ओठांकडे बघत. ओठ तसेच करत. "ल..." म्हणत. मग कपाळावर शीर ताठ होई आणि धाडकन यायचा तोच शब्द. बाई म्हणत, "छान. पुन्हा करू." त्या निघताना जिन्यात त्यांच्या पावलांचा आवाज मात्र छान वाटत नसे.

हात सुधारला. डाव्या हाताने ते टोपण काठोकाठ, न सांडता भरू लागले. बरणी मावशी धरी आणि ते तिच्या हातांवर आपला हात ठेवून ताल देत. आणि एका दुपारी, चारच्या सुमाराला, जिन सावर जमला. मावशीने चहाच्या गाळणीतून ओतला. खाली फिकट पिवळं, वर दोन बोटं पांढरा, साबणासारखा गुळगुळीत फेस. तो बसला नाही. आम्ही तिघं बघत राहिलो.

काकांचा हात आपोआप स्ट्रॉकडे गेला. स्ट्रॉ बुडवली, टोकावर बोट दाबलं, थेंब तोंडाकडे नेला, तोच मावशीने त्यांचं मनगट पकडलं.

"नाही. अहो, नाही. छातीत जाईल."

ते थांबले. एकतीस वर्षांत त्यांनी न चाखता एकही पेला पुढे सरकवला नव्हता.

"मी बघते चाखून," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. नाही. स्ट्रॉ मावशीच्या पुढे धरली.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटून, कडू काढा घेतल्यासारखा, तो थेंब जिभेवर घेतला. आजोबा गेल्यापासून तिला ज्याचा वास सहन होत नसे, ते.

काका तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"आंबट आहे," ती म्हणाली. "म्हणजे, गोडही आहे. छान आहे. छानच झालंय!"

काकांनी नजर काढून घेतली. इतकी वर्षं त्यांनी माणसांचे पहिल्या घोटानंतरचे चेहरेच वाचले होते. मावशीच्या चेहऱ्यावर काही लिहिलेलंच नव्हतं.

"मला काय कळतं हो यातलं?" मावशीचा आवाज फुटला. "चहात साखर कमी की जास्त, एवढं कळतं मला. चांगलं कसं लागतं ते मी कुठून सांगू?"

पेला संध्याकाळपर्यंत तसाच राहिला. मग तिने तो ओतून दिला.

पुढच्या गुरुवारी एक पाहुणे आले. निवृत्त दातांचे डॉक्टर, हॉटेलातून पत्ता घेऊन आलेले. दर गुरुवारी काकांच्या समोरच्या उंच स्टुलावर बसून एक जिन सावर पिणारे, वीस वर्षं. मावशीचे डोळे चमकले. "बसा, बसा," ती म्हणाली, "नुसते जाऊ नका." आणि दोघांनी मिळून केला. चार, दोन, दीड. झाकणावर फडकं घट्ट धरून.

डॉक्टरांनी घोट घेतला. आम्ही श्वास रोखले. "वा," ते म्हणाले, "अगदी तोच." आणि लगेच बोलायला लागले. मुलगा फोन करत नाही. सून तोडून बोलते. नवा फ्लॅट घेतला तर सामान हलवताना पाठ धरली. मावशीने दोनदा सांगितलं, "यांना बोलता येत नाही आता," डॉक्टर म्हणाले, "हो ना, फार वाईट झालं," आणि पुन्हा मुलाकडे वळले. काका डाव्या हाताने टेबल पुसत, मान तिरकी करून, जिथे हवं तिथे भुवया उंचावत ऐकत होते. तास झाला. उठताना डॉक्टर म्हणाले, "मापाडी, तुमच्याशी बोललं की मोकळं वाटतं बघा."

पेला अर्धाच संपला होता. तो खरंच तोच होता का, की बोलण्याच्या घाईत त्यांना चवच लागली नाही, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

दार लागल्यावर मावशी उसळली. "तासभर बसला मेला! एकदा तरी विचारलं का, तुम्ही कसे आहात, दिवस कसा जातो? वीस वर्षांत तरी कधी विचारलं होतं का?"

काका तिच्याकडे नुसते बघत राहिले. आणि ती बोलता बोलता थांबली. मशीनसमोरच्या खुर्चीवर बसली.

"मी तरी कुठे विचारलं," ती म्हणाली.

 मग तिने खुर्ची ओढून त्यांच्यासमोर घेतली. "अहो, सांगा ना. काय काय व्हायचं तिथे? कोण यायचं? सगळं सांगा. मला घाई नाही."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. घसा साफ केला. आणि सुरू केलं. "बर्फ. बर्फ बर्फ, बर्फ..." सांगणाऱ्या माणसाचा सगळा चढ-उतार त्यात होता. कुणीतरी दारातून आलं. कुणीतरी कुणाला काही म्हटलं. तिथे आवाज बारीक झाला. मग दुसऱ्याचं उत्तर, जाड आवाजात. डावा हात डोक्याशी गेला, टोपी घातल्यासारखा. मध्येच ते स्वतःच हसले, इतके की ठसका लागला. मावशीने पाठ चोळली. ते पुढे सांगू लागले. अर्धा तास. मावशी "हं, हं" करत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि एक अक्षर कळत नव्हतं.

वाचा शिकवणाऱ्या बाईंनी सातव्या महिन्यात येणं थांबवलं. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, आता याहून पुढे जाईल असं वाटत नाही. जाताना त्याही रडल्या. काका त्यानंतर दीड वर्ष होते. शब्द एकही वाढला नाही. बाटली संपल्यावर दुसरी आणली नाही. पण दुपारी मावशी शिवण घेऊन समोर बसायची आणि ते सांगायचे. एका पावसाळ्यात छातीत कफ झाला आणि चार दिवसांत ते गेले.

परवा मी तिच्याकडे गेले होते. ती एका पँटची शिवण उसवत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांची एक गोष्ट होती बघ. कुठल्यातरी टोपीवाल्या बाईची असावी. डोक्यावर हात ठेवायचे ना. ती त्यांनी मला किती वेळा सांगितली असेल. मी दर वेळी हसायचे. एकदा हसले, तर ते थांबले आणि माझ्याकडे बघतच राहिले. मग माझा हात हातात घेतला. म्हणजे ती जागा हसायची नव्हती."

तिने दोऱ्याचा तुकडा बोटांनी ओढून काढला.

"काय झालं असेल गं त्या बाईचं?"

 मी उठून चहा टाकला.